पाव मैल सरळ

१४ ऑगस्ट, शनिवार

आजही शर्यतीत हिरव्याआधीच सुटला, लाल दिवा! सलग तिसरा शनिवार. लोवेल पहिल्याच फेरीत बाद.

मर्ल, म्हणजे ट्रॅकवर गाड्या सोडतो तो, सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हातारा उतावळा झाला गं, आर्डी. घरी चुलीवर काही ठेवून येतोस काय रे, लोवेल?" सगळे हसले. लोवेलही हसला.

हा माणूस आणि उतावळा? मला लग्नाचं विचारायला यानं तीन वर्षं लावली होती.

१७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून टोमॅटो उकळून बरण्या भरल्या. पाठ धरली.

कॉफी द्यायला गॅरेजमध्ये गेले, तर हा पिवळीचं बॉनेट उघडून बसलेला. चौसष्ट सालची प्लिमथ, कारखान्यातून निघाली तीच मुळी पाव मैल पळण्यासाठी. पत्रा इतका पातळ की कोपर टेकवलं तर खड्डा पडावा. मागं सीट नाही, हीटर नाही, रेडिओ नाही. नवी घरी आली तेव्हा आईनं विचारलं होतं, "पैसे कमी पडले का रे बाबा?"

बोल्ट हातानं चाचपत होता. तोंड भिंतीकडं, बोटं इंजिनात. मी म्हटलं, अरे बघ तरी. तर म्हणतो, एवढी वर्षं या पोटात हात घालतोय, बघायचं काय त्यात?

हेही खरंच. पण मनाला काही पटेना.

२८ ऑगस्ट, शनिवार



आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल ते इथं ज्यानं त्यानं बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं काचेवर लिहायचं असतं. आज लोवेलनं ते मला लिहायला लावलं. "तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणे! आजवर कधी आठवलं नव्हतं.

त्या आकड्यांवरून शेजारी पळणाऱ्या दोघांचे दिवे वेगवेगळ्या वेळी लागतात. हळू गाडीला हिरवा दिवा आधी. वेगवान गाडीनं आपल्या दिव्यासाठी थांबायचं. आधी सुटला की लाल, आणि घरी.

आज गाठ जोलीनशी. शेजारची आमची. बाप गेल्यापासून त्याची निळी नोव्हा गाडी तीच पळवते. अर्थातच तिचा दिवा आधी. ती सुटली — आणि तिच्याबरोबर लोवेलही! याचा दिवा अजून लागायचाच होता.

हा दिवा बघतच नाहीये. शेजारचं इंजिन गरजलं की सुटतोय.

२९ ऑगस्ट, रविवार

आता एकेक आठवतंय. सुटण्याआधी चाकं जागच्या जागी गरगर फिरवून तापवतात. धूर होतो, गाडी थोडी पुढं जाते, मग आपल्याच काळ्या पट्ट्यांवरून मागं आणावी लागते. तेव्हा मी समोर उभी राहून हातांनी दाखवते — जरा इकडं, जरा तिकडं, बास. लग्न झाल्यापासून हे काम माझंच.

जूनमध्ये म्हणाला होता, "हात जरा लांब करून दाखवत जा गं." मला वाटलं, माझेच हात म्हातारे झाले.

१३ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरकडं नेलंच. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग. कडेचं दिसतं, समोरचं पुसलेलं. औषधानं परत यायचं नाही.

येताना गाडी मी चालवली आणि त्यानं वाद घातला नाही. तेव्हाच कळलं, याला हे आधीपासून ठाऊक होतं.

मक्याची उभी शेतं संपली. मग म्हणाला, "दोन ऑक्टोबरची शेवटची शर्यत तेवढी पळतो."

"वेडा आहेस का?"

"पाव मैल सरळ जायचंय, आर्डी. सरळ जायला डोळे कशाला लागतात?"

"शेजारच्या पट्टीत माणूस असतं म्हणून."

घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, की मर्लला सांगितलंस तर त्या मैदानावर मी परत तोंड दाखवायचो नाही. आणि ते मैदान सोडलं तर त्याच्याकडं उरतं काय? दोन ओळींचं हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

२५ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. शर्यती रद्द. देवाचे उपकार.

जोलीन सफरचंदांची टोपली घेऊन आली. तिची दोन्ही पोरं चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघरभर. म्हणाली, "काकू, मला लोवेलकाकांच्या शेजारी पळायला आवडतं. ते कसे रेघ ओढल्यासारखे जातात. बाकीच्यांची भीती वाटते मला."

मी पोरांना बिस्किटं दिली. पोरांच्या तोंडाकडं बघवेना.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

दोघांनी मिळून पिवळी धुतली. त्यानं पाणी मारलं, मी पुसली.

२ ऑक्टोबर, शनिवार

पहिलीच फेरी, आणि शेजारी जोलीन.

धूर झाला. मी समोर गेले. हात लांब करून त्याला मागं घेतलं, रेषेवर आणलं. आता बाजूला व्हायचं. मी हात खाली सोडले आणि तिथंच उभी राहिले.

ठरवून नाही केलं. पाय हलले नाहीत, एवढंच.

बॉनेट माझ्या पोटाशी. इंजिनाची धडधड बरगड्यांत. मर्ल काहीतरी ओरडत होता. जोलीननं मला पाहिलं आणि इंजिन अगदी हळू केलं. मी काचेतून लोवेलकडं बघत राहिले, तो माझ्याकडं. किती वेळ, देव जाणे.

मग त्यानं इंजिन बंद केलं.

मर्ल धावत आला. मी म्हटलं, बिघाड झालाय, ढकलायला माणसं बोलाव. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, आणि माणसं बोलावली. जोलीन खाली उतरून स्वतः हात लावायला आली.

ट्रकमध्ये बसल्यावर लोवेलनं पिवळीची किल्ली माझ्या मांडीवर ठेवली. "बास आता," म्हणाला.

घरापर्यंत रडत आले. एवढा हट्टी माणूस! पण मला समोर पाहिलं आणि थांबला. आयुष्यात याहून मोठं काही त्यानं मला दिलं नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

चर्चला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता लोवेल म्हणाला, "काल शेवटी तू कुठं होतीस गं? हात दिसेनासे झाले, म्हटलं झालीस बाजूला. जोलीन सुटायची वाट बघत बसलो. ती सुटेचना. इंजिन तापायला लागलं, म्हणून बंद केलं."

मी म्हणाले, "बाजूलाच होते. दिव्यांच्या खांबापाशी."