ठोंब्याची शू आणि ओली खुर्ची

३ तारीख, सोमवार
आजपासून ठोंब्याचे डायपर बंद. नातू दहा महिन्यांचा झाला तरी ढुंगणाला गादी बांधून रांगतो. सूनबाईला सांगितलं, दोन आठवड्यांत वेळेवर करायला शिकवते. ती म्हणाली, आई, नाही जमलं तर पाळणाघर. म्हटलं, मी काय मेले? दूध पाजलं की भांड्यावर धरायचं आणि कानाशी शूऽऽ करायचं. तीन पोरं अशीच वाढवली.

४ तारीख
शूऽऽ अठरा वेळा केलं. त्याने एकदा केली. माझ्या मांडीवर. सुरुवात झाली म्हणायची.

७ तारीख, सकाळी अकरा
भांड्यावर बसून हसतो. उचलला की करतो. डोकं आहे. बापावर गेला नाही.

८ तारीख
खिडकीजवळची खुर्ची ओली. पोर तर पाळण्यात झोपलेलं. खुर्ची सासूबाईंची. शेवटची दोन वर्षं त्यांना तिथे बसल्या बसल्याच व्हायचं. मी चारचौघांत म्हटलं होतं, म्हातारीने लाज कोळून प्यायली. त्या नुसत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
जाऊ दे. पाणी सांडलं असेल.

११ तारीख
परत ओली. वास पाण्याचा नाही. मुलगा म्हणाला, ठोंब्याच असेल. म्हटलं, अरे शहाण्या, ज्याला धड उभं राहता येत नाही तो खुर्चीवर चढेल?
मग कोण, ते मला कळलं. मी इकडे शूऽऽ करते, तिकडे म्हातारी ऐकते. खुर्चीला सांगितलं, सासूबाई, तुम्हाला म्हटलं नव्हतं.

१३ तारीख
आता शूऽऽ हळू करते. शूऽऽ केलं की माझ्याच ओटीपोटात कळ येते. गार हवेने असेल.

१४ तारीख, पहाट
आज म्हातारी माझ्या पलंगावर येऊन गेली. चादर सगळे उठायच्या आत धुतली. जिवंतपणी सरकून जागा दिली नाही, आता मेल्यावर अंथरुणात घुसते.

१६ तारीख, रविवार
मुदत संपली. दोघांना समोर बसवलं. म्हटलं, आता बघा. ठोंब्याला धरलं, चांगलं लांबवून शूऽऽ केलं. भांडं कोरडं. माझ्या पायाखाली मात्र थारोळं.
मी म्हटलं, ठोंब्याने केली, नेम चुकला. सूनबाईने त्याची कोरडी चड्डी चाचपली. माझ्याकडे बघितलं. हो आई, म्हणाली, आणि फरशी पुसली. काही बोलली असती तर मी चार शब्द सुनावले असते. मुलगा उगाच मोबाइल बघत बसला.

१७ तारीख, सोमवार, दुपारी बारा
पोर पाळणाघरात. बाकी दोघं ऑफिसात. सकाळपासून मी तोंडातून शूऽऽ काढलेलं नाही. खुर्चीवर माझ्याशिवाय कोणी बसलेलं नाही.
खुर्ची ओली आहे.
सूनबाई सहाला येते. तोवर वाळायला हवी. ऊन पडलेलं नाही.