दानूजवळचा फड्या राहू दे

प्रिय सिद्धा,

मी बरा आहे. पवनचक्कीचं काम उन्हातलं, पण दोन्ही वेळा जेवतो. तू जेवतेस ना? आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर तू रडतेस आणि माझंही बोलणं राहून जातं, म्हणून लिहितोय. काल शेताशेजारच्या ईरप्पाचा फोन आला होता. म्हणाला, "दादा, बांधावर साप लई झालेत. पाडव्यानंतर मशीन लावून समदा फड्या निवडुंग काढतो." काढू दे त्याला. फक्त आपल्या दानूजवळ आहे तेवढा राहू दे. लेकीला पुरलं तिथं आपण साधा दगडही ठेवला नाही. तेवढीच खूण आहे.

बांधावर फड्या दोन जातींचा आहे. फुलावरून ओळखायला जाऊ नको, दोन्हींची फुलं पिवळीच उमलतात. काटे बघ. बाकी सगळ्यांचे काटे पिवळे आणि जाड आहेत. दानूजवळच्या एकट्याचे लांब, सरळ, तपकिरी. माती लोटताना माझ्या हातात घुसले होते.

इथं कच्छात सगळीकडं पिवळ्या काट्यांचाच आहे. तरी मी जाता-येता प्रत्येक झाडापाशी थांबून बघतो.

मशीनवाल्याला नुसतं सांगून भागणार नाही. ईरप्पाला घेऊन तू स्वतः तिथं उभी राहा. जमेल ना तुला?

मे महिन्यात रजा मिळेल. आलो की मला तिच्याकडं घेऊन चल. एकट्यानं माझ्यानं जाववणार नाही.

स्वतःला जप.

तुझा,
मृत्युंजय