पाळण्यामागचा आवाज

सेनगाव,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

श्री. विश्वजीतराव यांस,

राधाकृष्णाचा सप्रेम नमस्कार. (तुम्ही माझे धाकटे मेहुणे, तेव्हा रीतीप्रमाणे आशीर्वादच लिहायला हवेत. पण या पत्रात माझं थोडं काम आहे, आणि काम सांगताना आशीर्वाद देणं बरं दिसत नाही. ते काम झाल्यावर पोचतील.) तुमचा गुडघा कसा आहे? ऑफिसचा जिना चढताना अजून मधेच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं लागतं का? अनुश्रीवहिनींचा हात बरा झाला का? त्यांचा हात दुखतो, मदतीला जाते, असं सांगून तुमची ताई इथून निघाली त्याला आज अकरा दिवस झाले, म्हणून विचारतो. एवढ्या दिवसांत हात बरा व्हायला हरकत नव्हती. ताईची प्रकृती मी विचारत नाही. ती तुमच्या घरी आहे म्हणजे उत्तमच असणार, आणि मी विचारली असं तिच्या कानावर गेलं तर त्याचा भलताच अर्थ काढला जाईल.

फोन सोडून हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं की तुमच्या घरी फोन वाजला की जो जवळ असेल तो उचलतो, आणि सध्या जवळ कोण असतं ते मला दोनदा कळलं आहे. दोन्ही वेळा तिकडून ‘हॅलो’ ऐकलं आणि मी फोन ठेवून दिला. (नंबर दिसतो, हे मला नंतर आठवलं.) म्हणून हे पत्र देविदासच्या हाती तुमच्या ऑफिसात पाठवत आहे, घरी नाही. देविदास म्हणजे साखरा गावाजवळच्या तांड्यावरचा, लग्नाकार्यात साउंड लावतो तो. माणूस कानाचा फार तयार आणि तोंडाचा फार स्पष्ट आहे. सोबत एक पेन ड्राइव्ह दिला आहे, तो जपून ठेवा आणि देविदासला चहा पाजा.

आता मूळ विषय. आमच्या दत्ताच्या देवळातला जयंतीचा पाळणा तुम्ही ऐकलेला आहे. त्याची चाल वडिलांनी बसवलेली, आमच्या घराबाहेर कुठेच नाही. आई होती तोवर पाळण्याची दोरी धरून आई म्हणायची, ती गेल्यापासून सतरा वर्षं तुमची ताई म्हणते. यंदा माझ्या मनात आलं की ही चाल कायमची जपून ठेवावी. (तहसील कचेरीत उभा जन्म मी लोकांचे कागद जपले, घरचं काही जपलं नव्हतं.) आमच्या स्वानंदने पुण्याला जाताना टाकून दिलेला कॉम्प्युटर होताच. देविदासने त्याच्याकडचा एक लहान मिक्सर आणून जोडून दिला, एक माइक दिला आणि कुठलं बटण कशाचं ते तीनदा समजावलं. (मिक्सर म्हणजे आवाजाचा. त्यावर चटणीचा विनोद सगळ्या गल्लीने करून झाला आहे, तुम्ही करू नका.) पाळणा म्हणायचा कोणी, हा प्रश्न मला पडलाच नाही. चाल वडिलांची, पेटी माझी, माइक माझ्यापुढे, तेव्हा मीच गळा साफ करून बसलो. शेजारच्या गिरणीवाल्या मालनबाईंच्या मते पुढचं सगळं तिथूनच बिघडलं, पण त्या सकाळपासून गिरणीत पीठ खात बसलेल्या असतात आणि सगळ्यांबद्दल मत बाळगून असतात.

पहिल्याच दिवशी पाळणा असा काही रंगला म्हणता. दोन कडवी सुरेख झाली, तिसऱ्यात वरच्या सुराला भिडलो, आणि भिंतीपलीकडे मोरीत खणखणाट झाला. ताट पडलं होतं. मी कानावरचा हेडफोन उतरवून मोरीच्या दारात गेलो आणि एवढंच म्हणालो की, ही भांडी घासणं चाललंय की बँडवाल्यांची तालीम, आणि रेकॉर्डिंग पुरं होईपर्यंत या घरात एकही भांडं घासायचं नाही. बस, एवढेच शब्द. (सूर थोडा वर गेला असेल. तिसऱ्या कडव्यातून थेट उठून आलो होतो.)  हातातली अर्धी घासलेली कढई तुमच्या ताईने खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, ‘बरं. नाही घासत.’ दुसऱ्या दिवशी सकाळी अनुश्रीवहिनींचा हात दुखायला लागला. जाताना तिने स्वेटर नेला. दोन दिवसांसाठी जाणारी बाई स्वेटर नेत नाही, हे मला कळतं, पण मी तेव्हा माइकची उंची ठीक करत होतो.

घर असं शांत झालं की रेकॉर्डिंगला याहून चांगली संधी नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ताट नाही, वाटी नाही, दार वाजणं नाही. चार दिवस मजेत गेले. देवळातल्या प्रसादाच्या पत्रावळी उरल्या होत्या त्यावर जेवलो, कुकरमध्येच खिचडी केली आणि कुकर मोरीत नेऊन ठेवला. पाचव्या दिवशी हेडफोन लावला तर कानात घूं असा आवाज. साधासुधा नाही, ट्रॅक्टर लांबच्या शेतात चालू ठेवून कोणी जेवायला निघून जावं तसा, अखंड. पेटी बंद ठेवली तरी घूं, मी तोंड मिटून बसलो तरी घूं.

मग सुरू झाला शोध. माइकची वायर बदलली. फ्रिज बंद केला (त्यातलं दूध नासलं, घूं होता तिथेच). ट्यूबलाइट बंद करून अंधारात पेटी वाजवली. मिक्सर लाकडी पाटावर ठेवला, मग पाटाखाली सतरंजी घातली, मग कॉम्प्युटर उचलून देवघराजवळच्या प्लगला जोडला, तर घूं तिथे दर्शनाला आला. शेवटी मला शंका आली मालनबाईंच्या गिरणीची. कचेरीतल्या भाषेत मी त्यांना विनंती केली की, तासभर गिरणी बंद ठेवून सहकार्य करावं. बाईंनी ठेवली. दळणवाल्या चार बाया डबे घेऊन ओट्यावर बसल्या आणि माझा पाळणा होईस्तोवर उठल्या नाहीत. घूं तसाच. मालनबाई भिंतीवरून म्हणाल्या, ‘काका, गिरणी बंद केली तरी तुमचं रडगाणं काई थांबून न्हाई राहिलं.’ त्या घूंबद्दल बोलत होत्या असं मी धरून चाललो आहे.

तेवढ्यात देविदास आला. त्याने सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या, हेडफोन लावला, आणि मी वळून मिक्सरवर हात टेकला तसा एकदम ओरडला की, हात तसाच ठेवा. हात ठेवला की घूं गायब, उचलला की हजर. हाताला बारीक झिणझिण्याही येत होत्या. ‘काका, तुमीच अर्थिंग झाला,’ तो म्हणाला. ‘आता तुमाला हलता येत न्हाई.’ एक अख्खी दुपार मी अनवाणी पाय ओल्या फडक्यावर आणि डावा हात मिक्सरवर ठेवून पाळणा म्हणून पाहिला. पण डावा हात मिक्सरवर गेल्यावर पेटीचा भाता कोण हलवणार? देविदास हलवायला बसला तर बटणं कोण पाहणार? आणि झिणझिण्यांमुळे माझा आवाज असा थरथरत होता की बाळाला झोप येण्याऐवजी ताप भरला असता.

‘घराचं अर्थिंग कुठं हाय तुमच्या?’ त्याने विचारलं. मला काय माहीत? घर बांधताना वायरमनने खड्डा करून मीठ-कोळसा घालून काहीतरी पुरलं होतं, एवढंच आठवत होतं. आम्ही दोघं अंगण, पायरी, नळाभोवती शोधत फिरलो. शेवटी उत्तर भिंतीवरून आलं. ‘मोरीमागं आळूच्या वाफ्यात हाय की,’ मालनबाई म्हणाल्या. ‘तिथं कायम ओल राहती म्हणून वायरमननं तिथंच पुरलं. पण आता काहून ओल राहील? काकू गेल्या, आळू बी वाळला. भांड्याचं पाणी जातं कुठं त्याला?’

विश्वजीतराव, मी मागे जाऊन पाहिलं. पानं माना टाकून पडली होती आणि माती भेगाळली होती. हे घर बांधल्यापासून बारा वर्षं तुमची ताई दोन वेळा भांडी घासत होती, ते मिठाचं खरकटं पाणी मोरीच्या पन्हाळीतून वाफ्यात जात होतं, आणि त्या ओलीवर या घरातली वीज जमिनीवर पाय टेकून उभी होती. मी म्हटलं होतं, एकही भांडं घासायचं नाही.  देविदासने मोरीत साचलेल्या ढिगाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

मी घासली, विश्वजीतराव. कुकर, पातेली, नासलेल्या दुधाचं भांडं, सगळी. दोनदा ताट हातातून निसटलं, आणि ताट पडताना आवाज करतंच, ते मुद्दाम करत नाही, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजलं. (भिंतीवरून ‘काका, पाळणा चालू झाला का?’ असं विचारण्यात आलं.) बादलीभर पाणी वाफ्यात गेलं. तासाभराने हेडफोन लावला तर आतून कसलाही आवाज नाही, एवढं शांत की माझाच श्वास ऐकू येत होता. तेव्हापासून रोज दोन वेळा घासतो. अळूने मान वर केली आहे. कालच पाळणा तिन्ही कडव्यांसकट स्वच्छ रेकॉर्ड झाला आणि देविदासनेही तो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे असं कबूल केलं.

तुम्हाला काम एवढंच. पेन ड्राइव्हवर दोन पाळणे आहेत, एक कालचा स्वच्छ आणि एक पहिल्या दिवसाचा, ताट पडलेला. दोन्ही ऐकून जयंतीला देवळात कोणता लावावा ते कळवा. गुरुवारी जयंती आहे. कळावे, लोभ असावा.

आपला,
राधाकृष्ण

ता. क. : ताट पडलेला पाळणा हेडफोन लावून ऐका. आम्ही तो काल सहज तुलनेसाठी लावला होता. माझ्या आवाजामागे, मोरीतून, कोणीतरी भांडी घासत पाळणा म्हणतंय. तिसऱ्या कडव्यात मी ज्या सुरावरून खाली घसरतो (तुम्ही सांगू नका, मला माहीत आहे), तिथे ती घसरत नाही. ताट त्यानंतर पडतं. माझा सूर ऐकून दचकल्यामुळे पडलं असावं, असा देविदासचा अंदाज आहे. त्याने ते तीनदा ऐकलं आणि बटणावर बोट ठेवून मला विचारलं, ‘काका, मागचा आवाज लई सुरात हाय. पुढचा जरा कमी करू का?’ पुढचा म्हणजे माझा.

ता. क. दुसरा : कालचा स्वच्छ पाळणा मी पुसून टाकला आहे. तुमच्या पेन ड्राइव्हवर एकच सापडेल, वर दोन लिहिले आहेत ते खोडायचं राहिलं. माइक मी मधल्या खोलीतून काढून मोरीच्या दारात लावला आहे. या घरात आता घूं नाही, खणखणाट नाही, काहीच नाही, आणि मला मुळीच करमत नाही. गुरुवारी दोरी धरायला कोणी नाही. ती कधी येणार ते तिला विचारा, पण मी विचारलं असं सांगू नका.

ता. क. तिसरा : सांगा. कढईही मीच घासली आहे.