पायावर भार

१२ जानेवारी

प्रिय धाकट्यास,
प्रभूत सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगते. चर्चच्या सभागृहातले पडदे धुवायला काढत होते, स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन घरातल्या घरात हिंडता आलं तरी पुष्कळ. या वयात स्टुलावर कोण चढतं, असं तू म्हणणार. ते इथे सगळ्यांचं म्हणून झालंय.

सुरुवातीला माणसांची रीघ होती. आता कुणी येत नाही. त्यांची तरी काय चूक? आजाऱ्यांना भेटायला कुणी कधी जायचं हे मीच ठरवून द्यायचे, आता ठरवणारं कुणी नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, चढणारे-उतरणारे पाय दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. त्यांना विचारलं, जन्मभर हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी शिवल्या, आजाऱ्यांना जेवण पोचवलं. आता नुसत्या पडून राहिलेल्या बाईचं देवाकडे काय काम? ते म्हणाले, आत्म्याचं तारण कृपेने मिळतं, कामाच्या मोबदल्यात नाही. अरे, हे तर मी संडे स्कूलमध्ये पोरांकडून घोकून घेतलंय. पण माझ्याच गळ्याखाली उतरत नाही. हात रिकामे असले की मी माझीच मला ओळखू येत नाही.

तू उपासनेला जातोस का? खरं लिही. अंडी उकडण्यापलीकडे काही शिकलास का, तेही कळव.

ताईवर माया असू दे.
तुझी ताई

२६ जानेवारी

प्रिय ताईस,
सादर सलाम. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातली पटाशी खाली ठेवली. तसाच निघालो असतो, पण वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनवणारे आम्ही दोघंच, आणि दुसरा आजारी आहे. अंडी अजून उकडतोच. मध्यंतरी एकदा करपली, ती कशी ते विचारू नकोस.

तुझ्या प्रश्नाला उत्तर देण्याइतका मी शहाणा नाही. आमच्याकडे काय होतं ते सांगतो. नवा पाय बसवला की माणसाला दोन दांड्यांच्या मध्ये उभं करतो. माप बरोबर असतं, पट्टे आवळलेले असतात. विचारलं तर तोही म्हणतो, पाय मजबूत आहे. पण अंगाचं सगळं वजन हातांवर तोलून धरतो. मी शेजारी उभा राहतो. मग कधीतरी हात दमतात आणि भार पायावर पडतो. त्यानंतरच त्याचा त्या पायावर विश्वास बसतो. तुझे हात दमले असतील तर दमू देत, ताई.

उपासनेला जात नाही. बायको गेल्यापासून देवाशी भांडण नाही, पण बोलणंही नाही. इथे लोकांना वाटतं, मी उशिरापर्यंत थांबून सत्कर्म करतो. खरं तर घरी लवकर पोचू नये म्हणून थांबतो.

रागावू नकोस, आहे तसा आपला म्हण.
तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,
सप्रेम सलाम, आशीर्वाद. वि. वि.

रागावले नाही. तुझं पत्र उशाशी आहे.

माझ्या वरच्या मजल्यावर बेकरीत काम करणारी एक बाई राहते. चर्चला जात नाही, जिन्यात सिगारेट ओढते, म्हणून मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. ती एक दिवस डोकावली, माझ्या केसांचा गुंता पाहिला आणि न विचारता पाणी तापवून केस धुऊन दिले. मी लगेच लोकरीची शाल पुढे केली. घेतली नाही. पुढच्या खेपेला भरतकाम केलेला टेबलक्लॉथ काढून ठेवला. तो तिने खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "मी इथे काही विकायला आले होते का?" आणि निघून गेली.

बरेच दिवस फिरकली नाही. छतावर तिची पावलं वाजायची, मी ऐकत पडून राहायचे. शेवटी काठीने भिंतीतल्या पाइपवर ठोकलं. आली. मी म्हटलं, केस फार खराब झालेत. बस, एवढंच. घमेल्यावर मान वाकवली आणि डोकं तिच्या हातांत सोडून दिलं. तुझ्या त्या दांड्या आठवल्या. साबण डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून पोटभर रडून घेतलं. जन्मभर मी देवाला चादरी दाखवत आले. तोही असंच म्हणत असेल का रे, की मी काही विकायला बसलोय का?

दुसऱ्या दिवशी तिच्या कोटाचा फाटलेला खिसा शिवला. फेड म्हणून नव्हे. खिसा फाटलेला होता आणि सुई हाताशी होती. ती तो कोट घालून कामावर गेली.

ती वर गेली की खोली पुन्हा रिकामी होते. सगळं छान झालं असं लिहिणार नाही. पण पूर्वीसारखी भीती वाटत नाही.

जमलं तर ये. नाही जमलं तरी तू माझाच.
ताई

९ मार्च

प्रिय ताईस,
सादर सलाम. वि. वि.

दुसरा माणूस कामावर रुजू झाला की येतो. चांगला आठवडाभर राहीन, हाकलू नकोस.

बायको गेली ती तारीख यंदा रविवारी आली. वर्कशॉप बंद, घरात बसवेना. चालत चालत चर्चपाशी पोचलो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. देव भेटला वगैरे काही नाही. प्रवचनातलं निम्मं डोक्यावरून गेलं. मग सगळे गायला उठले, म्हणून मीही उठलो, नुसताच. शेजारी एक अनोळखी म्हातारी होती. तिने स्वतःचं गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं, अर्धं तिच्या हातात, अर्धं माझ्या. मी न गाता ओळींवरून बोट फिरवत राहिलो. तिने एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

गीत संपलं, सगळे खाली बसले. मी उभाच होतो, पुस्तक धरून. तीही उभी राहिली, मी सोडीपर्यंत.

तुझाच,
धाकटा