निरोपाचा सहावा प्रकार

४ मार्च
काओश्युंगमधला नोकरीचा पहिला दिवस छान गेला. बंदरावरचं मासळीचं शीतगृह, खाली गोठवण्याच्या बारा खोल्या, वरच्या मजल्यावर कंट्रोल रूम आणि तिथे खिडकीपाशी माझं टेबल. ट्यूना उतरवणाऱ्यांच्या शिव्यासुद्धा स्पष्ट ऐकू येतात. इथली सगळी तारजोडणी तीस वर्षं सांभाळणाऱ्या ल्याव काकांनी दुपारी माशाची गरम पेज खाऊ घातली. म्हणाले, आ-श्वान, शहरातली पोरं वासानंच पळतात, तू किती दिवस टिकतेस बघू. मी म्हटलं, काका, मी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी वाढलेय. खूप हसले.

५ मार्च
काम माझ्या आवडीचं आहे. खोल्यांमधली यंत्रं जुन्या पद्धतीनं एकमेकांना निरोप पाठवतात. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला पाच बाइटचं हेडर: कोणाकडून, कोणाला, कोणत्या प्रकारचा निरोप, आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये त्याची लांबी. ते मला सी भाषेत मांडायचं, म्हणजे नव्या संगणकाला वाचता येईल. सकाळी आकडे भलतेच आले. कंपायलरनं लांबीच्या आधी एक रिकामा बाइट घुसवला होता. तो काढला, लांबीचे उलटे बाइट सुलटे केले आणि सगळ्या चालू खोल्यांची तापमानं पडद्यावर आली. काकांनी पाठ थोपटली.

७ मार्च
जुन्या कागदांत निरोपाचे पाचच प्रकार आहेत. आज सहावा आला, नऊ नंबरच्या खोलीकडून. पडद्यावर दिसत राहावा म्हणून प्रोग्रॅमच्या यादीत तोही घातला. पण ती खोली कायमची बंद आहे. दार वेल्डिंग करून टाकलंय, वीज तोडलीय. काका म्हणाले, जुन्या तारा, शेजारचं काहीतरी घुसत असेल. बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही.

११ मार्च
नऊचे निरोप रोज सकाळी सव्वादहाला सुरू होतात, अकराला थांबतात. मिनिटाला एक. सोबत तापमान, उणे बावीस. खाली जाऊन दाराला हात लावला. उन्हानं कोमट झालं होतं.

१२ मार्च
काकांनी आज सांगितलं. सहा म्हणजे आत अडकलेल्या माणसाची घंटा. बर्फ धरल्यामुळे ती उगाचच वाजायची, म्हणून एकवीस वर्षांपूर्वी काकांनीच प्रोग्रॅममधून सहा काढून टाकला. त्यानंतर आठवड्याभरात साई नावाचा हमाल नऊमध्ये अडकला. पाऊण तास घंटा दाबत होता. मी इथेच बसून चहा पीत होतो, म्हणाले. जुन्या कागदांतलं सहाचं पानही त्यांनीच फाडलं.

१३ मार्च
मॅनेजर फूंना सगळं सांगितलं. म्हणाले, भुतांची सोय करायला तुला बोलावलेलं नाही, शुक्रवारी यंत्रणा सुरू व्हायला हवी, सहा काढ. काका तिथेच उभे होते. हळूच म्हणाले, पोरी, नको काढूस. नोकरी लागून दहा दिवस झालेत — मी काढला. एकच ओळ होती.

१५ मार्च
यंत्रणा सुरू झाली. फूंनी अननसाचे केक वाटले. काकांनी घेतला नाही.

१८ मार्च
काका गेले. दोन नंबरच्या खोलीत, सकाळी. आतली कडी गोठली होती. मी वरच होते, माझ्या पडद्यावर काही नव्हतं. नंतर कच्च्या नोंदी उघडल्या. दोनकडून एकेचाळीस निरोप. सहा, सहा, सहा — माझ्या हेडरला तो प्रकार ठाऊकच नाही, म्हणून सगळे फेकले गेले. आणि काकांना हे माहीत होतं. दर वेळी दाबताना त्यांना —

२० मार्च
माझ्या संगणकावर सहा परत घातला. फू ऐकत नाहीत, त्यांच्या संगणकावर बदलू देत नाहीत. नऊकडून येतायत. आता दोनकडूनही. दोन रिकामी आहे. दार सताड उघडं. मी स्वतः आत जाऊन —

२१ मार्च, सव्वादहा
पाठवणारा शून्य. शून्य म्हणजे कंट्रोल रूम. ही खोली.
मी काही पाठवलेलं नाही.
तापमान उणे चार. उणे नऊ. बाहेर ऊन आहे, खाली माणसं बनियनवर — काच ठोकली, कोणी वर बघत नाही. दार हलत नाही. बोटं —
उणे सतरा.
आता खरंच पाठवलाय. सहा. पुन्हा सहा. खाली फूंच्या पडद्यावर अजून शुक्रवारचीच फाइल, तिच्यात सहा मी