पाच सुतांचं भोक

ता. ३ जून

ती. आबांस, ठकूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमच्या सूचनेप्रमाणे हेल्मेटचा पट्टा रोज दोनदा ओढून बघते, त्यामुळे हनुवटीला घट्टा पडायला आलाय. या टेकडीवर फोन लागत नाही याचं तुम्हाला मनातून बरंच वाटत असणार. फोनवर तुम्ही बिल येईल म्हणून घाईने ठेवून देता, आणि पत्रात चार पानं काळजी करता.

मुद्द्याचं लिहिते. आपली मोटरसायकल चढ चढत नाही. गुरांच्या डॉक्टरला रोज वरच्या गोठ्यांवर जावं लागतं, आणि माझ्यामागे औषधांची जड पेटी असते. परवा आधी दूधवाल्याची गाडी पुढे गेली, मग एक सायकलवाला गेला. शेवटच्या वळणावर तर मी जिला तपासायला निघाले होते ती गायच मालकाबरोबर चालत मला ओलांडून गेली. मालकाने मागे वळून नमस्कारही केला.

आमचा मिस्त्री म्हणतो की इंजिनाची ताकद वाढवायलाच हवी. ब्लॉक बोअर करून, म्हणजे आतून कातून, मोठा पिस्टन टाकू, नाहीतर मोठा कार्ब्युरेटर बसवू, निदान सायलेन्सर तरी मोकळा करू, असं त्याचं चाललंय. मला त्यातलं गुरांइतकं कळत नाही. गाडी आधी तुमची, मग बाबांची, आता माझी. जन्मभर लेथवर काढलेल्या माणसाला विचारल्याशिवाय मी तिच्यावर सुरी चालवणार नाही. काय करावं ते महिनाअखेरीच्या आत कळवा.

रागवा, पण लवकर रागवा.

तुमची,
ठकू

ता. ८ जून

चि. ठकूस, आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून जेवण अंगी लागत नाही. तुझ्या बापाला दाखवलं नाही. तो संध्याकाळी विम्याच्या ऑफिसातून येतो, बूट काढतो आणि पेपरात डोकं घालतो. त्याला कशाला त्रास.

ब्लॉक बोअर करू नकोस. ब्लॉकच्या भिंती एकदा पातळ झाल्या की परत जाड करता येत नाहीत. इंजिन तापेल, चढावर पिस्टन चिकटेल आणि तू दरीत. मोठा कार्ब्युरेटर पेट्रोल ढोसतो आणि हळू चालताना ठेचकाळतो. म्हणजे तू दरीत. मोकळ्या सायलेन्सरने तू दरीत जाणार नाहीस, पण त्या आवाजाने गाई दूध चोरतील आणि त्यांचे मालक तुला दरीत ढकलतील.

फारच झालं तर मागच्या चाकाचं, चेनचं स्प्रॉकेट जास्त दातांचं घाल. त्याने चढावर ओढ वाढते, वेग थोडा कमी होतो, आणि कमी वेगाने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही. इंजिनाच्या जवळ मात्र मिस्त्रीला फिरकू देऊ नकोस. कार्ब्युरेटर साफ करायचा तर बाहेरून करावा. तो सुटा करून आतल्या नळ्यांमध्ये बोटं घालायचं काही कारण नाही. इतकी वर्षं त्या गाडीचं काम मी कोणाला करू दिलं नाही ते काही उगाच नाही.

पावसाळी कोट फाटला असेल तर कळव. जीव तुझ्यात अडकलाय, एवढं ध्यानात ठेव.

आबा

ता. १९ जून

ती. आबांस, कृ. सा. न. वि. वि.

स्प्रॉकेट बदललं. आता चढावर गाईच्या बरोबरीने जाते, गप्पा मारता येतात. सपाट रस्त्यावर मात्र शाळेतली मुलं सायकलवरून उतरून मला ढकलू का असं विचारतात.

हसून झालं, आता खरं सांगते. मंगळवारी वरच्या गोठ्यात एक गाय अडली होती. वासरू उलटं होतं. मी पोचले तेव्हा घरचे सगळे दारात उभे होते, आणि त्यांनी मला लांबून, वळणा-वळणाने, येताना पाहिलं होतं. पंधरा मिनिटं ते माझ्याकडे बघत होते आणि मी काही केल्या मोठी होत नव्हते. वासरू वाचलं. आणखी पाच मिनिटांनी वाचलं नसतं. घरी येऊन मी बराच वेळ हात धूत बसले होते.

म्हणून ठरवलंय, ब्लॉक बोअर करायचा. ३० तारखेला रविवारी मिस्त्री इंजिन उतरवणार. त्याने इंजिनातला दाब मोजला, तो नव्या गाडीसारखा भरला. त्याला हे कोडं सुटत नाहीये. म्हणतो, हे इंजिन दमलेलं नाही, कोणीतरी याचा गळा धरून ठेवलाय.

तुम्ही नाही म्हणाल हे धरून चालते आहे. तरी माया कमी करू नका.

ठकू

ता. २३ जून

चि. ठकूस, घाईने आशीर्वाद.

हे पत्र आधी पूर्ण वाच, मग मिस्त्रीकडे जा. ब्लॉकला हात लावू देऊ नकोस. गळा मी धरलाय.

एकतीस वर्षं झाली. तुझ्या बापाने घाटातल्या शर्यतीत नाव दिलं होतं. मोटरसायकली एकेक करून खालून सोडायच्या आणि वर घड्याळ लावायचं, अशी शर्यत. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि गाडी अशी चालवायचा की मी खिडकीत उभा राहून आवाजावरून वळणं मोजायचो. नको म्हणून पाहिलं. तुझ्या आजीने नको म्हणून पाहिलं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी लेथवर ॲल्युमिनियमचं एक वायसर, म्हणजे मधे भोक असलेली चकती, कातलं. कार्ब्युरेटरमधून इंजिनात जायची वाट एक इंचाची, म्हणजे आठ सुतांची. वायसरचं भोक मी ठेवलं पाच सुतांचं. कार्ब्युरेटरच्या मागे आखूड नळी आहे, तिच्या आणि इंजिनाच्या मध्ये ते बसवलं, दोन्ही बोल्ट आवळले आणि वरून काजळी फासली.

तो शेवटचा आला. बावीस जणांत बाविसावा. घरी येऊन त्याने गाडी पुसली आणि आपल्याला हे जमत नाही, असं आईला सांगितलं. पुढच्याच महिन्यात विम्याची नोकरी धरली. शर्यतीनंतर वायसर काढणारच होतो. पण तो वेळेवर घरी यायला लागला, आणि मला झोप लागायला लागली. मग आज काढू, उद्या काढू असं करत तुझा जन्म झाला, आणि मग तर प्रश्नच नव्हता.

तर ते वायसर काढ. ती नळी सोडवावी लागेल. फक्त बापाला कळवू नकोस. त्याला काय वाटेल ते मला बघवणार नाही.

मला तोडू नकोस.

आबा

ता. २९ जून

ती. आबांस, सा. न., पण दात-ओठ खाऊन.

वायसर निघालं. मिस्त्रीने ते हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि कातकाम फार सुबक असल्याचं कबूल केलं. एवढीच तुमची स्तुती या पत्रात मिळेल. सगळ्या सुधारणेला लागलं काय, तर एक नवं पॅकिंग. पेट्रोल सोडणारा जेट थोडा मोठा केला, जुनं स्प्रॉकेट परत बसवलं. आज वरच्या गोठ्यावर गेले तर मी सहा मिनिटांत पोचले, आणि आधी जी गाय मला ओलांडून गेली होती ती बाजूला होऊन उभी राहिली.

पण आबा, बाबा पुढच्या रविवारी इथे येणार आहेत आणि मी गाडी त्यांच्या हातात देणार आहे. पहिल्या चढावरच त्यांना कळेल. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. त्यापेक्षा तुम्हीच आधी सांगा. शनिवारपर्यंत मुदत. एकतीस वर्षं त्यांनी स्वतःला कच्चा समजून काढली आहेत. माझ्या पहिल्या सायकलला दोन्ही बाजूंना चाकं लावून ती दहावीपर्यंत काढू न देणारे माझे बाबा कुठून झाले, ते मला आता कळलं.

रागावले आहे, तरी तुमचीच,
ठकू

ता. ८ जुलै

चि. ठकूस, आशीर्वाद, आणि आज जरा मोकळ्या छातीने.

सांगितलं. बुधवारी सांगणार होतो, तर त्याला पडसं होतं. गुरुवारी पाहुणे होते. शुक्रवारी नुसताच त्याच्या खुर्चीभोवती फिरलो, तर माझ्या पोटात दुखतंय का असं विचारून त्याने ओव्याचं पाणी करून दिलं. ते पिताना इतकी लाज वाटली की शनिवारी सकाळी तो दाढी करत असताना मागे उभा राहून सगळं बोलून टाकलं. आरशातून बोललो, समोरून झालं नसतं.

त्याचा वस्तरा थांबला. त्याने एवढंच विचारलं की भोक किती सुतांचं होतं. मी सांगितलं. मग तोंड धुऊन तो ऑफिसला गेला. दिवसभर मी दारात बसून होतो. रात्री जेवून लवकर झोपला. रविवारी पहाटेच्या गाडीने तुझ्याकडे आला ते तुला माहीत आहेच.

काल परत आला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला की गाडी चालवून पाहिली, पण काही उपयोग झाला नाही. प्रत्येक वळणावर घाबरून ब्रेक दाबला, दोनदा तर पाय टेकवले. तेव्हा वायसर नसतं तरी आपण बाविसावेच आलो असतो, हे त्याला कळून चुकलं. भिण्याचा स्वभाव तुमच्याकडून आलाय, त्याला काय करणार, असं म्हणून हसला. मीही हसलो. म्हणजे मी त्याचं काही हिरावून घेतलं नव्हतं. काल रात्री मी सरळ सात तास झोपलो.

तू मात्र जपून. आता गाडीत जोर आहे. वळणावर बापासारखी ब्रेक दाबत जा.

मायेचा,
आबा

ता. १३ जुलै

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून झाल्यावर फाडा.

आबांचं पत्र आलं. तुम्ही प्रत्येक वळणावर घाबरून ब्रेक दाबलात आणि दोनदा पाय टेकवलेत, हे वाचून मी चहा सांडला. त्या दिवशी, मला सहा मिनिटं लागतात त्या चढाला तुम्हाला तीन मिनिटं आणि काही सेकंद लागले. घड्याळ मीच लावलं होतं. दूधवाला अजून विचारतो की ते गृहस्थ कोण. मी तुम्हाला अकरा वेळा खाली आणि वर जाताना पाहिलं, आणि शेवटच्या खेपेला तुम्ही हेल्मेट काढलंत तेव्हा तुमचे डोळे लाल होते. वाऱ्याने, असं तुम्ही म्हणालात. बरं, वाऱ्याने.

चुकून खरं बोललात ते एवढंच की ब्रेक दाबलेत. मागचे ब्रेक शू तुम्ही एका दुपारी संपवलेत. मिस्त्रीला आता या गाडीत एकच सुधारणा करायची आहे, ती म्हणजे चांगले ब्रेक, पुढे-मागे दोन्हीकडे. पुढच्या शनिवारपर्यंत बसतील.

आबांना मी आजच लिहून टाकलंय की पावसाळ्यात गुरांची लस टोचायला माणूस कमी पडतो, म्हणून बाबा दर रविवारी मदतीला येतील आणि दिवसभर गोठ्यातच असतील. तेव्हा येताना जुने कपडे आणा आणि परत जाताना त्यांना थोडं शेण लावून न्या.

वाट बघते.

तुमची,
ठकू