आमच्या घरात डफडं वाजत नाही

१२ जाने., सोम. अमरावती
दिवसभर भंगार धुतलं. कार्यशाळेत पोर्तुगालहून आलेले सहा जण, आम्ही सहा. दोन आठवड्यांत टाकाऊ वस्तूंची वाद्यं करायची, त्यांवर इथं कार्यक्रम बसवायचा, २५ ला अकोल्यात सादर करायचा. माझ्या वाट्याला रंगाची रिकामी बादली. जोडीदार इनेस, यापुढे इ. खोलीत तिवशाची वैष्णवी, म्हणजे वै.
बादली तीनदा घासली. चौथ्यांदा वै.नं हातातून काढून घेतली.

१३ जाने.
बादलीच्या तोंडावर जुन्या एक्स-रेची फिल्म ताणली, सायकलच्या ट्यूबनं आवळली. दोन काठ्या, एक जाड, एक बारीक. वरातीतला डफड्याचा ठेका वाजवून पाहिला. लहानपणापासून खिडकीतून ऐकलेला, इथं कुणालाही येतो. वै.लाही आला, माझ्यापेक्षा साफ.
पोर्तुगालवाले नाचले. मला काही वाटलं नाही. मनगट तेवढं दुखतंय.

१५ जाने.
गोल बसून प्रत्येकानं आपल्या घरातलं संगीत सांगायचं होतं. इ.चे आजोबा अकॉर्डियन वाजवायचे. वै.चे वडील भजनी मंडळात. माझी पाळी आली.
दम्यामुळे चौथीपर्यंत शाळेत गेले नाही, पप्पांनी घरीच शिकवलं. त्यांचा एकच नियम, विचारलं की खरं सांगायचं. तो कुठं थांबतो ते अजून कळलेलं नाही. म्हणून सांगितलं. पणजोबांकडे बाळापूरकडच्या गावचं डफडं होतं. वरातीपुढे चालायचं, पंगत उठली की शेवटी जेवायचं. मेलं जनावर ओढायचं कामही त्याच हातांना. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि त्याच दिवशी कातडं फाडून चुलीत घातलं. तेव्हापासून आमच्या घरात ते वाजत नाही.
मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कळलं नाही.
सर (संस्थेचे, कार्यक्रम त्यांचाच) म्हणाले, "म्हणूनच इतकं छान वाजवतेस. रक्तातच आहे तुझ्या."
मी थँक्यू म्हणाले.

१८ जाने., रवि.
अकोल्याचं पोस्टर छापून आलं. माझा फोटो मोठा. खाली, 'पिढीजात डफडे वादनाचा वारसा लाभलेली'. दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं.
सर म्हणाले अभिमानाची गोष्ट आहे. मी हो म्हणाले. का म्हणाले?
पप्पा २५ ला येणार. शाळेतल्या दोन जुन्या सहकाऱ्यांनाही आणणार आहेत. अकोल्यात पोस्टर लागतील, ते आधीच पाहतील.
जेवले. भाजीत मीठ आहे का ते वै.ला विचारलं. होतं.

१९ जाने.
सरांकडे गेले, ती ओळ काढा म्हणायला. चार वाक्यं लिहून नेली होती, दोन बोलले. ते रागावले नाहीत. म्हणाले, पोस्टरं कालच अकोल्याला गेली. वर म्हणाले, तुम्ही लोक लपवता म्हणून कला मरते.
खोलीत वै.ला सांगितलं. ती केस विंचरत होती.
"मी बी तोच ठेका वाजवून राहिली ना वं? मले काहून नाही म्हनत कोनी? माह्या रक्तात का नुसती तूर हाये?"
हसायला हवं होतं. ती एकटीच हसली, मग तीही थांबली.

२० जाने.
सराव. हात चालतात. मी बाजूला बसून पाहते आहे असं वाटतं.
पप्पांना फोन केला नाही. चारदा नंबर काढला.

२१ जाने.
केला. पंधरा तारखेपासूनचं सगळं सांगितलं, क्रमानं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी गॅस बंद केला, परत आले.
"कातडं हाये का त्याले?"
"नाही. एक्स-रेची फिल्म."
"कोनाचा?"
"माहीत नाही. गुडघा आहे."
पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.
"वाजव, नाहीतर नको वाजवू. तुले शिकवताना मी कधी उत्तर सांगतलं नाही, आता बी नाही सांगत. पन ते कागदावरचं खोटं हाये. बुढ्यानं सोडलं, तिथून आपलं घरानं चालू होते."
मग त्यांनी विचारलं, दम्याचा पंप जवळ आहे ना. मी आहे म्हणाले.
येणार की नाही ते विचारायचं राहिलं.

२४ जाने.
बसनं अकोला. सभागृहाच्या फाटकावर पोस्टर. त्या ओळीवर कुणीतरी पांढरी पट्टी चिकटवलेली. वै. आमच्या आधीच्या गाडीनं पोचली होती. विचारलं तर म्हणाली, "मले काय मालूम? हवेनं चिकटली असन."
पट्टीखालून अक्षरं दिसतात.
इ.ला सगळं समजावलं. तिनं मध्ये एकदाही सॉरी म्हटलं नाही, बरं वाटलं असावं मला. म्हणाली, ठेका तिलाही येतो. मी बसून राहिले तर ती काठ्या घेईल. उठले तर मी.

२५ जाने., रवि.
विंगेत बसून लिहिते आहे. आमचा क्रमांक सहावा, पाचवा सुरू आहे. बाटल्यांची बासरी.
सर मघाशी विचारून गेले, ओळख करून देताना काय म्हणू. मी म्हणाले, फक्त नाव आणि गाव. "बघतो," म्हणाले. मी मागून गेले आणि पुन्हा सांगितलं, नाव आणि गाव, नाहीतर माईक मला द्या. माझा आवाज चढला नव्हता.
पप्पा आलेत. एकटेच. तिसऱ्या रांगेत, कडेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट.
त्यांना मी वाजवताना दिसेन की बसलेली, कळत नाही. दोन्हीत त्यांचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आणून पाहिलं. एकच येतं, शिकवताना पाटीकडे बघायचे तसं.
बासरी थांबली. सरांनी माईक हातात घेतला आहे. काठ्या इ.च्या आणि माझ्या मध्ये जमिनीवर. ती माझ्या पायांकडे बघते आहे, मी उठते का ते.